काटा कोणाचा?

दसरा उलटला की आमच्या गल्लीत टेम्पो येऊ लागतात. मागच्या बाजूला आडव्या लोखंडी दांड्याला काटा टांगलेला, हमालाच्या कानावर पेन्सिल, शेठच्या हातात नोटांचं पुडकं. ओट्यावर कापूस दिसला की गाडी थांबते. शेठ मूठभर कापूस दाबतो, सोडतो, पुन्हा दाबतो, "ओल शे आप्पा" म्हणतो आणि क्विंटलमागे दोन किलो घट जागच्या जागी ठरते. आप्पा म्हणजे माझे थोरले काका. दोनच किलो का, एक का नाही, असं मी त्यांना एकदा विचारलं. गाठोड्याची गाठ सोडता सोडता ते म्हणाले, "काटा त्यास्ना, भाव त्यास्ना, आपला निस्ता कापूस."

खेडा खरेदीत, म्हणजे दारावरच्या अशा खरेदीत, फसवणूक झाली की पेपरात बातमी येते आणि तिच्या शेवटी ठरलेलं वाक्य असतं: शेतकऱ्यांनी सतर्क राहावं. निवडणूक आली की त्याच जातीचं दुसरं: मतदारांनी सुज्ञपणे मतदान करावं. भाव पडेपर्यंत कापूस घरात ठेवला तर मेळाव्यातला व्याख्याता सांगतो, भावनेच्या आहारी जाऊ नये. तिन्ही वेळा दोष माल आणणाऱ्याचा आणि मत देणाऱ्याचा. काट्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. मला वाटतं, माणसाला शहाणं करण्याच्या या कार्यक्रमांना आता रजा द्यावी आणि काटे तपासायला घ्यावेत. त्यातला एक टेम्पोला टांगलेला आहे, एक आपल्याच डोक्यात आहे आणि एक तहसील कचेरीतल्या मतमोजणीच्या टेबलावर.

कापसापासून सुरुवात करतो, कारण तिथे आमची बाजूही धुतल्या तांदळासारखी नाही. गाठोड्यावर रात्री पाण्याचा हात फिरवणारे आमच्या गावात आहेत. ते कोण, हे गावाला माहीत आहे. शेठला माहीत नाही. त्याच्यासमोर दहा गाठोडी येतात, त्यांतलं कोणतं भिजवलेलं ते मुठीने नक्की कळत नाही. मग तो सोपा मार्ग काढतो: सगळीच ओली धरतो आणि सगळ्यांचंच वजन कापतो. ज्याने चार दिवस उन्हात कापूस वाळवला त्याच्या पदरात त्या कष्टाचा एक पैसा पडत नाही, उलट वाळल्यामुळे वजन घटलं ते वेगळंच. पुढच्या वर्षी तो वाळवायचं सोडतो. मग शेठची घट अडीच किलो होते, आणि गंमत म्हणजे तोवर ती रास्तही झालेली असते.

जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने 1970 साली हीच घसरण जुन्या मोटारींच्या बाजारावरून मांडली. गाडीच्या खोडी विकणाऱ्याला माहीत, घेणाऱ्याला नाहीत. म्हणून घेणारा सरासरी भाव देतो. त्या भावात चांगली गाडी विकणं परवडत नाही, ती बाजारातून निघून जाते आणि खटारे उरतात. हा निबंध आधी तीन नियतकालिकांनी परत केला होता. 2001 साली याच विषयावरच्या कामासाठी अकरलॉफ यांना नोबेल मिळालं. मला त्यातली एक बारीकशी नोंद फार आवडते. निबंध छापून येण्याआधी ते वर्षभर भारतात राहून गेले होते, आणि त्यांनी लिहिलं आहे की इथल्या बायकांना बाजारचा तांदूळ निवडावा लागतो, कारण त्यात त्याच रंगाचे, त्याच आकाराचे खडे मुद्दाम मिसळलेले असतात. परातीत तांदूळ पसरून बसलेली माझी आजी रोज अर्धा तास माहितीच्या या विषमतेची किंमत मोजत होती. तिच्या त्या अर्ध्या तासाचा दर कुणी काढला नाही.

आता याच्या शेजारी जळगावचा सराफ बाजार ठेवून बघा. सोन्याची पारख कापसाहून अवघड. उघड्या डोळ्यांना अठरा आणि बावीस कॅरेटचा फरक सांगता येत नाही. तरी लांबलांबून लग्नाची खरेदी तिथे येते. पिढ्यांची पत हे त्याचं एक कारण. दुसरं कारण अलीकडचं: 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा क्रमांक सक्तीचा झाला, आणि तो मोबाइलवर टाकून कुणालाही पडताळता येतो. पाच ग्रॅमच्या अंगठीला अशी ओळख मिळाली. दहा क्विंटल कापूस मात्र अजून मुठीत दाबूनच पारखला जातो. अंगठीचं गिऱ्हाईक दुकानात आवाज चढवू शकतं, ओट्यावरचा शेतकरी टेम्पोवाल्यासमोर चढवत नाही, कारण पुढच्या आठवड्यात तोच टेम्पो यायचा असतो.

सरकारी काटा आहे की, असं कुणी म्हणेल. आहे, आणि तो बरा आहे. भारतीय कापूस महामंडळाच्या केंद्रावर ओलावा यंत्राने मोजतात. 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, 12 पर्यंत त्या प्रमाणात कापून, त्यापुढे गाडी परत. 2025-26 साठी लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता. मग लोक दारातल्या टेम्पोला कमी भावात का देतात? सातबारा, ई-पीक पाहणीची नोंद, आधार, ॲपवरची नोंदणी, ठरलेली तारीख, गाडीचं भाडं, केंद्राबाहेरची रांग आणि मग बँकेत पैसे कधी जमा होतात त्याची वाट. रिचर्ड थेलर, ज्यांना अर्थशास्त्राचं 2017 चं नोबेल मिळालं, ते अशा कटकटीला गाळ म्हणतात. हमीभाव कागदावर पूर्ण असतो; त्याच्या वाटेवर गुडघाभर गाळ असला की पायी चालणारा अर्ध्यातून परततो. दिवाळीच्या तोंडावर मुलांचे कपडे घ्यायचे असताना हातात पडणारे रोख पैसे घेणाऱ्याला मी तरी अडाणी म्हणणार नाही.

डोक्यातल्या काट्याचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे.

2022 च्या उन्हाळ्यात कापूस बारा हजारांवर गेला. आदल्या हिवाळ्यात आठ-नऊ हजारांना विकून मोकळे झालेले लोक पारावर गप्प बसत, आणि थांबलेले लोक भावाचं शास्त्र सांगत. त्याच वर्षी गणेश चतुर्थीला, दरवर्षीसारखी, मुहूर्ताची खरेदी झाली. ही आपल्याकडची जुनी पद्धत: सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्याच्या आवारात काट्याची पूजा, पहिल्या शेतकऱ्याला टोपी-उपरणं, आणि थोड्याशा कापसाला बाजारापेक्षा कितीतरी चढा भाव. शकुनाचा भाव तो. पण दुसऱ्या दिवशी पेपरात शकुन छापून येत नाही, आकडा छापून येतो.

त्या हंगामात आमच्या मधल्या खोलीत कापूस छताला टेकला होता. सुरुवातीला नऊच्या आसपास भाव होता, आप्पा थांबले. साडेआठ झाला, थांबले. आठ झाला तेव्हा आता तर विकायचाच नाही म्हणाले. घरातल्या लहान मुलांच्या अंगावर पुरळ उठलं, रात्रभर खाज. खान्देशात त्या वर्षी कितीतरी घरांत हेच चाललं होतं. शेवटी पावसाच्या तोंडावर सातच्या आसपास दिला.

डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 साली दाखवलं की माणूस नफा-तोटा शून्यापासून मोजत नाही, मनात धरलेल्या एका खुणेपासून मोजतो. आणि खुणेच्या खाली गेलेला रुपया वर आलेल्या रुपयाच्या जवळजवळ दुप्पट जड लागतो. आप्पांची खूण लागवडीच्या खर्चावर नव्हती, बारा हजारांवर होती. नऊ हजारांत विकणं म्हणजे त्यांच्या काट्यावर तीन हजारांचा घाटा. आणि घाटा समोर दिसला की माणूस जुगार खेळतो, आणखी थोडं थांबून बघतो. यात मूर्खपणा शोधायचा तर आधी हे लक्षात घ्यावं लागेल की आदल्याच वर्षी थांबणारा शहाणा ठरला होता. बाजारानेच शिकवलेला धडा त्यांनी गिरवला.

या काट्याचा पासंग, म्हणजे मुळातली खोट, काढता येत नाही, पण त्यावर बोट कोण ठेवतं ते पाहता येतं. मुहूर्ताच्या बातमीत भावाशेजारी किती क्विंटल घेतला तेही तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापलं, तर आकड्याची अर्धी जादू उतरेल. माझी ही सूचना एका वार्ताहर मित्राने हसण्यावारी नेली. मुहूर्ताचा भाव ही चांगली बातमी असते, म्हणे.

पीक विम्यातही हेच. 2020 पासून कर्जदार शेतकऱ्याला पंतप्रधान पीक विमा ऐच्छिक झाला असं सांगतात. प्रत्यक्षात नको असेल तर मुदतीच्या सात दिवस आधी बँकेत तसं लिहून द्यावं लागतं. गप्प बसलात तर हप्ता कापला जातो. गप्प बसणं हाच होकार, असा काटा. मग 2023 मध्ये राज्याने एक रुपयात विमा दिला, बोगस अर्जांचा पूर आला आणि 2025 मध्ये योजना गुंडाळली. केळीच्या फळपीक विम्यात तर भरपाई बागेतल्या नुकसानीवर ठरतच नाही, महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या आकड्यावर ठरते. तापमापक केंद्रात, थंडी बागेत. उलट बाजूने, लागवडच नसलेल्या शेतावर केळीचा विमा उतरवल्याची प्रकरणंही आपल्याच जिल्ह्यात निघाली. ओला कापूस आणि कागदावरची केळी, दोन्हींची किंमत खरी बाग असलेल्याने भरायची.

इथवर एक गोष्ट समान होती: एकाला माहीत, दुसऱ्याला नाही. म्हणून वाटतं, माहिती पोचवली की काम झालं. गावच्या निवडणुकीकडे बघितलं की ही समजूत टिकत नाही.

विधानसभेच्या उमेदवाराबद्दल मतदाराला कमी माहिती असते, आणि अँथनी डाऊन्स या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने 1957 साली म्हटल्याप्रमाणे ती मिळवण्यात त्याचा फायदाही नसतो. लाखो मतांत आपलं एक, त्यासाठी प्रतिज्ञापत्रं कोण वाचत बसणार. पण सरपंचपदाचा उमेदवार? त्याच्या विहिरीला पाणी किती, सोसायटीचं कर्ज किती, भावाशी बांधावरून का बिनसलं, मुलीच्या लग्नात कोणाकोणाला बोलावलं नाही, सगळं गावाला तोंडपाठ. माहितीची विषमता जवळजवळ शून्य. शिवाय एका मताचं मोलही खरं; दोन-चार मतांनी निकाल फिरल्याचं, समसमान मतं पडून चिठ्ठी टाकावी लागल्याचं आपण ऐकतोच. म्हणजे सुज्ञ मतदार म्हणतात तो इथे तयारच आहे. तरी दर पाच वर्षांनी अर्ध्याहून जास्त गावाला नको असलेला माणूस खुर्चीवर बसलेला दिसतो. कसा?

हजार मतांचं गाव धरा. पहिल्याला 380, दुसऱ्याला 340, तिसऱ्याला 280. पहिला सरपंच झाला, गुलाल उधळला. 620 लोकांनी त्याला मत दिलेलं नाही. हे आपोआप होतं असंही नाही. तिसरा उमेदवार कुणी उभा केला, त्याचा फॉर्म भरायला गाडी कोणाची होती, हे पारावरचं पोरगंही सांगतं. दुसऱ्याच्याच भाऊबंदकीतला, दुसऱ्याच्याच गल्लीतला माणूस हेरून "मतं खायला" उभा करणं ही आपल्याकडे कला मानली जाते. मतदार कितीही सुज्ञ असला तरी एकाच खुणेत त्याला सांगताच येत नाही की मला हा हवा, तो नसेल तर तो चालेल, पण तिसरा बिलकूल नको.

सांगता येईल अशी पद्धत आपल्याला परकी नाही. नाशिक विभागाच्या शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघांत जळगाव, धुळे, नंदुरबारचे मतदार जांभळ्या शाईच्या पेनने 1, 2, 3 असे पसंतीक्रम लिहितात. 2024 च्या शिक्षक मतदारसंघात दुसऱ्या पसंतीची मतं मोजल्यावरच निकाल लागला. 1969 साली व्ही. व्ही. गिरी राष्ट्रपती झाले तेही दुसऱ्या पसंतीच्या मतांवर. ऑस्ट्रेलियात 1918 पासून लोकप्रतिनिधी असेच निवडतात. आपल्या हजार मतांच्या गावात तिसरा बाद झाला, त्याच्या 280 पैकी 200 जणांची दुसरी पसंती दुसऱ्याला आणि 80 जणांची पहिल्याला असेल, तर निकाल 540 विरुद्ध 460. तीच माणसं, तीच मतं, फक्त काटा बदलला. आणि मतं खायला उभा केलेला माणूस दुसऱ्या फेरीत निरुपयोगी ठरतो. त्याच्या गाडीभाड्याचा खर्च वाया.

सरपंच निवडीचा काटा बदलू नये असं काही पवित्र नाही. 2017 मध्ये थेट जनतेतून सरपंच आला, 2020 मध्ये तो रद्द होऊन निवड पुन्हा सदस्यांकडे गेली, 2022 मध्ये थेट निवड परत आली. पाच वर्षांत तीनदा काटा बदलला, आणि दर वेळी तो ज्यांच्या हातात होता त्यांनी आपल्या सोयीने बदलला. शेठही तेच करतो. राज्य निवडणूक आयोगाने 2018 च्या नोव्हेंबरात महापालिका-नगरपालिकांच्या निवडणुकांत नोटाला, म्हणजे "वरीलपैकी कोणी नाही" या पर्यायाला, काल्पनिक उमेदवार मानलं आणि त्याला सर्वाधिक मतं पडली तर फेरनिवडणूक, असा नियम केला. मनावर घेतलं तर होतं.

"खेड्यातल्या माणसाला पसंतीक्रम झेपेल का?" हा प्रश्न मला पदवीधर मंडळींनीच विचारला आहे, ज्यांच्या स्वतःच्या निवडणुकीत मतं बाद होतात. रावेर-यावलच्या केळीच्या बागेत उभं राहून हा प्रश्न विचारावा. नवती, पिलबाग, वापसी असा केळीच्या प्रतींचा क्रम तिथला मजूर घडाकडे नुसतं बघून लावतो.

पसंतीक्रमाने सगळं सुरळीत होईल असं म्हणत नाही. काँदोर्से या फ्रेंच गणितज्ञाने 1785 सालीच दाखवलं होतं की प्रत्येक माणसाचा क्रम सरळ असूनही गावाचा क्रम गोल फिरू शकतो: अ पेक्षा ब बरा, ब पेक्षा क बरा, आणि क पेक्षा पुन्हा अ बरा. 1951 मध्ये केनेथ अ‍ॅरो या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने सिद्ध केलं, की तीन किंवा अधिक पर्याय असले तर सगळ्या रास्त अटी एकाच वेळी पाळणारी क्रमाची पद्धत असूच शकत नाही. प्रत्येक काट्यात पासंग आहे, एवढाच त्याचा अर्थ. त्यातून सध्याचा काटा आहे तसा चालू द्या, असं निघत नाही.

एका बाबतीत मात्र मला माहिती विषम राहायलाच हवी आहे. मत कोणाला दिलं हे मतदाराला माहीत असावं, पैसे वाटणाऱ्याला नसावं. निवडणुकीच्या आदल्या रात्री दारोदार लक्ष्मीदर्शन होतं, आणि तिघांकडून घेऊन चौथ्याला मत देण्याची मुभा ज्या पडद्याने दिली तो पडदा ही गरिबाची एकमेव तिजोरी. लहान वॉर्डात मशीननिहाय आकडे जाहीर झाले की पडदा विरळ होतो. कोणती गल्ली फिरली ते कळतं, मग त्या गल्लीची पाइपलाइन अडते. अनेक मशीनमधली मतं एकत्र करून मोजणारं टोटलायझर यंत्र निवडणूक आयोगाने 2008 मध्ये सुचवलं, विधी आयोगाने 2015 मध्ये शिफारस केली, केंद्राने नाकारलं. काट्याचा प्रश्न आला की गाडी इथेच अडते.

म्हणूनच "बिनविरोध" शब्दाचं आपल्याकडचं कौतुक मला खटकतं. गाव एक झालं, खर्च वाचला, भांडणं टळली, वर पुढाऱ्यांकडून निधीचं आश्वासन. पण बिनविरोध ठरतं ते चावडीवर, सगळ्यांच्या देखत. तिथे सालदाराला मालकाच्या विरोधात हात वर करता येतो का? सुनेला सासऱ्यासमोर? गुप्त मताने दिलेला पडदा काढून घेतला की उरते ती आवाजांची मोजणी, आणि आवाज कोणाचे मोठे हे ठरलेलं आहे. याच वाटेने पुढे गेलं की लिलाव येतो. 2021 च्या जानेवारीत राज्य निवडणूक आयोगाने नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळीची आणि नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्याची ग्रामपंचायत निवडणूक रद्द केली, कारण तिथे पदाची जाहीर बोली लागली होती. पैसा मंदिराला जाणार होता, कुणाच्या खिशात नाही, असा बचाव तेव्हा पुष्कळांनी केला, आणि तो प्रामाणिक असेलही. पण बोलीत ज्याच्याकडे काही नाही त्याचं वजन शून्य भरतं. मतपेटीत निदान एक भरतं.

गेल्या हंगामात आमच्या गल्लीतल्या चार घरांनी वर्गणी काढून एक इलेक्ट्रॉनिक काटा घेतला. आप्पा आधी नको म्हणत होते. शेठ रागावेल, गाडी थांबवणार नाही. आता टेम्पो यायच्या आधी गाठोडी घरात मोजली जातात आणि वजन खडूने भिंतीवर लिहिलं जातं. पहिल्या दिवशी शेठने भिंतीकडे पाहिलं, आप्पांकडे पाहिलं, आपल्या काट्यावर गाठोडं टांगलं. आकडा जुळला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, असं आप्पा म्हणतात.

मग शेठने मूठभर कापूस घेऊन दाबला आणि म्हणाला, "ओल शे आप्पा." घट दोन किलोच कापली. ओलावा मोजायचं यंत्र केवढ्याला येतं, याची चौकशी चालू आहे.